अँटवर्पमधले दुसरे ताट

पालघर आणि बोईसर ही गावे ज्या लोहमार्गावर आहेत, त्याच्या एका टोकाला मुंबई आणि दुसऱ्या टोकाला सुरत आहे. दोन्ही शहरे हिऱ्यांची. सुरतेत पैलू पडतात, मुंबईत सौदे होतात, आणि या दोन शहरांच्या मधोमध राहणाऱ्या अनेक जैन कुटुंबांतील तरुण कधी ना कधी हिऱ्यांच्या प्रतवारीचे काम शिकलेले असतात. ज्यांची ही हकीकत आहे, ते बोईसरचे गृहस्थ त्यांपैकीच एक. नऊ वर्षे पहाटेची गाडी पकडून ते मुंबईला जात असत. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेऊन पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा छोटा कारखाना काढला. काही वर्षे तो बरा चालला. मग ज्या मोठ्या ग्राहकावर त्यांचा निम्मा व्यवसाय अवलंबून होता, त्याच्या दाराला कुलूप लागले. येणी अडकली, देणी मात्र तारखेवर उभी राहिली.

अशा वेळी दूरच्या एका नातेवाइकाच्या ओळखीने बेल्जियममधील अँटवर्प शहरातून बोलावणे आले. जुनी विद्या कामास आली. घरी वृद्ध आई, आठवीत शिकणारी मुलगी आणि पत्नी यांना ठेवून त्यांनी देश सोडला. पत्नीने घराच्या पुढच्या खोलीत पॅकिंगच्या साहित्याचे दुकान मांडले. त्यानंतर उभयतांची भेट झाली ती थेट चौदा महिन्यांनी, आणि तीही तीन आठवड्यांपुरती.

मुसाफिरीची जुनी वाट

व्यापारी घराण्यांना अशी ताटातूट नवी नाही. मारवाडातून बंगाल, आसाम, वऱ्हाड, कर्नाटक अशा मुलखांत उतरलेल्या व्यापाऱ्यांनी दूरदेशीच्या वास्तव्याला ‘मुसाफिरी’ असे नाव दिले होते. ती एकदा सुरू झाली की वर्षे सरत. पुरुष पेढीवर आणि स्त्री गावी. दूरचा हिशोब वहीत उतरे. घरच्या वर्षांचा हिशोब कोणी लिहून ठेवला नाही. आज दूरध्वनीच्या पडद्यावर रोज चेहरा दिसतो, म्हणून ही ताटातूट सोपी झाली असे वाटते. पण पडद्यावर माणूस जेवढा दाखवील तेवढाच दिसतो.

अँटवर्पचा हिरेव्यापारही अशाच मुसाफिरांनी वाढवला. शहराच्या कागदपत्रांत हिऱ्यांचा उल्लेख 1447 सालापासून आढळतो; त्या वर्षी नगरपालिकेने खोट्या रत्नांच्या विक्रीवर बंदी घातली होती. पुढे हा व्यापार मुख्यतः ज्यू कुटुंबांच्या हाती होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर गुजरातेतील पालनपूरचे जैन तरुण तेथे येऊ लागले. इतरांना नकोसा वाटणारा बारीक, कमी प्रतीचा कच्चा माल त्यांनी उचलला, तो सुरतेला पाठवून त्याला पैलू पाडून घेतले आणि थोड्या नफ्यावर मोठी उलाढाल उभी केली. आरंभी पुरुष एकटे राहिले. नंतर कुटुंबे आली, मुलांच्या शाळा आल्या, आणि विल्राइक या उपनगरात भारतातून आणलेल्या कोरीव शुभ्र संगमरवराचे जिनालयही उभे राहिले.

स्थानकावरची भेट

ऑगस्टच्या एका सकाळी त्यांची पत्नी ब्रुसेल्सच्या विमानतळावर उतरली. विमानात एक परिचित कुटुंब सोबतीला होते. त्यांच्याबरोबर ती आगगाडीने अँटवर्पला पोहोचली, तेव्हा पती फलाटावर उभे होते. त्यांना पाहताच तिच्या तोंडून निघाले, “किती बारीक झालात!” त्यावर त्यांनी विचारले, “दमलीस का?” आणि बॅग उचलली. चौदा महिन्यांनंतरचे संभाषण एवढेच.

अँटवर्पचे मध्यवर्ती स्थानक जगातील देखण्या स्थानकांत गणले जाते. 1905 साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा घुमट 75 मीटर उंच आहे. संगमरवरी जिने, सोनेरी घड्याळ आणि एकाखाली एक अशा तीन मजल्यांवरचे रूळ. प्रवासी येथे थांबून छायाचित्रे काढतात. तिनेही मान वर करून पाहिले. त्यांनी मात्र सांगितले की वर्षभर आपण याच घुमटाखालून रोज जातो, पण वर पाहिल्याचे आठवत नाही.

त्यांची खोली स्थानकापासून काही अंतरावर, एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर होती. पडद्यावर ज्या खिडकीपाशी ते नेहमी बसलेले दिसत, ती खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडणारी निघाली. प्रकाश चेहऱ्यावर पडावा म्हणून ते रोज बोलण्यापूर्वी टेबल सरकवून घेत. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला होता. तिने आणलेले खाखरे, मुगाच्या वड्या, मुखवास आणि घोलवडच्या चिकूच्या सुकवलेल्या फोडी बाहेर काढल्या, आणि मग जेवायला बसताना दुसरे ताट नाही हे दोघांच्याही लक्षात आले. त्या दिवशी दोघे एकाच ताटात जेवले. दुसऱ्या दिवशी तिने या प्रसिद्ध शहरात पहिली खरेदी केली ती एका साध्या स्टीलच्या ताटाची. भारतीय वस्तूंच्या दुकानात ते मिळाले.

जिथे शब्दावर सौदा होतो

आठवड्याचे पाच दिवस पतीचे काम चाले. त्या वेळात ती हातात नकाशा घेऊन एकटीच फिरे. पहिल्यांदा ती त्यांच्याच वाटेने गेली. स्थानकाला लागूनच होवेनियर्सस्ट्राट आणि तिच्या शेजारच्या दोन-तीन अरुंद गल्ल्या आहेत. बाहेरून पाहता तेथे काहीच दिसत नाही: साध्या करड्या इमारती, पोलिसांची चौकी, वाहनांना मज्जाव. पण याच गल्ल्यांत हिऱ्यांचे चार बाजार आहेत. त्यांतील सर्वांत जुना 1893 सालचा. काळा अंगरखा आणि टोपी घातलेले ज्यू दलाल आणि गुजरातीत बोलणारे आपले व्यापारी एकाच रस्त्यावर भेटतात. सौदा ठरला की हस्तांदोलन करून ‘मझल’ असा हिब्रू शब्द उच्चारायचा. त्यात सौभाग्याची शुभेच्छा असते. हा शब्द उच्चारल्यावर माघार नाही. भारतीय व्यापारीही तोच शब्द वापरतात. ज्या घरात बापजाद्यांनी तोंडी शब्दावर उधारी दिली आणि घेतली, त्या घरातील सुनेला ही रीत परकी वाटली नाही.

दोन्ही समाजांत आणखी एक साम्य तिला पतीकडून कळले. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी ज्यू व्यापाऱ्यांचा शब्बाथ सुरू होतो, म्हणून हिवाळ्यात ते दुपारीच आवराआवर करतात. चौविहार पाळणाऱ्या जैनालाही सूर्याचेच घड्याळ. ऑगस्टमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा काही अडचण नसते. डिसेंबरमध्ये मात्र तो साडेचारच्या आसपास अस्ताला जातो आणि सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो. नवकारशी पाळायची तर कामावर पोहोचल्यावरच काही तोंडात टाकता येते, आणि संध्याकाळचे जेवण चार वाजता, कामाच्या टेबलाशेजारी डबा उघडून उरकावे लागते. वर्षभर ते दूरध्वनीवर “जेवलो” एवढेच सांगत. कुठे, कसे आणि कोणाबरोबर, हे तिने कधी विचारले नव्हते.

खाण्याच्या बाबतीत या शहरात सावध राहावे लागते. बेल्जियमचे तळलेले बटाटे जगप्रसिद्ध आहेत. कंदमूळ वर्ज्य नसलेल्यांनीही लक्षात ठेवावे की ते परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. वॅफलमध्ये बहुधा अंडे असते. चॉकलेट घेतानाही वेष्टनावरचा मजकूर वाचूनच घ्यावे. फळे, सुका मेवा आणि घरून नेलेला खाखरा हीच खरी शिदोरी.

पंधरा ऑगस्टची सुटी

पंधरा ऑगस्टला बेल्जियममध्येही सार्वजनिक सुटी असते; ख्रिस्ती श्रद्धेनुसार तो मेरीच्या स्वर्गारोहणाचा दिवस. अँटवर्पमध्ये हाच दिवस मातृदिन म्हणूनही साजरा होतो. त्या दिवशी दोघे मिळून शहर पाहण्यास निघाले.

शहराच्या मध्यभागी आवर लेडीचे भव्य चर्च आहे. 1352 साली त्याचे काम सुरू झाले आणि सुमारे 170 वर्षे चालले; त्याचा मनोरा 123 मीटर उंच आहे. आत पीटर पॉल रुबेन्स या अँटवर्पच्याच चित्रकाराची चार मोठी चित्रे आहेत. मुख्य वेदीवरचे 1626 सालचे चित्र त्या दिवसाच्या सणाचेच, मेरीच्या स्वर्गारोहणाचे. प्रार्थना संपल्यावर अनेक जण आपल्या म्हाताऱ्या आयांचा हात धरून बाहेर पडत होते. चौकात येताच पतीने बोईसरला आईला दूरध्वनी लावला. तिकडे दुपार उलटून गेली होती. आईने आधी सुनेच्या तब्येतीची चौकशी केली, मग हळूच विचारले, “तू कधी येणार?” त्यांनी नेहमीचेच उत्तर दिले, “बघू.”

जवळच्या ग्रोटे मार्क्ट या चौकात 1565 साली पूर्ण झालेली नगरपालिकेची इमारत आहे आणि तिच्यासमोर 1887 सालचे कारंजे. कारंज्यावरचा वीर एक तुटलेला प्रचंड हात नदीकडे भिरकावतो आहे. दंतकथा अशी की अँटिगून नावाचा राक्षस नदीतून जाणाऱ्या नावाड्यांकडून जबरदस्तीने जकात घेई आणि न देणाऱ्याचा हात तोडी. ब्राबो या वीराने त्याचाच हात तोडून नदीत फेकला. हात फेकण्यावरूनच शहराला हे नाव पडले, असे लोक सांगतात. जकात नाक्यांच्या आठवणी असलेल्या व्यापारी घरातील दोघांना ही कथा ऐकून हसू आले. चौदा महिन्यांत एकत्र हसण्याचा तो पहिला प्रसंग.

तेथून थोड्या अंतरावर जुना व्यापार-विनिमय बाजार आहे. 1531 सालचा हा बाजार अशा कामासाठी मुद्दाम बांधलेल्या युरोपातील आद्य वास्तूंपैकी एक मानला जातो. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजने त्याचाच नमुना समोर ठेवला. आगीत तो जळाला, 1872 साली पुन्हा उभा राहिला आणि अलीकडे त्याचा जीर्णोद्धार झाला. एकदा बुडालेला बाजार पुन्हा उभा राहू शकतो, हे ऐकून पती बराच वेळ त्या काचेच्या छताखाली थांबले.

वहीसमोर

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. हिऱ्यांच्या गल्ल्या बंद होत्या. दोघे प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात गेले. व्यापारी कुटुंबाने अँटवर्पमध्ये एकच ठिकाण पाहायचे ठरवले, तर ते हे असावे.

क्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्समधून आलेला कारागीर. 1555 साली त्याने अँटवर्पमध्ये छपाई सुरू केली आणि 1576 पासून ती याच घरात चालली. 1589 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर जावई यान मोरेटस याने धुरा घेतली. 1876 साली ही वास्तू शहराला विकेपर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे वर्षे, पेढी एकाच घराण्यात राहिली. ज्ञात असलेली सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रे येथे आहेत. खिळे, पट्ट्या, मुद्रिते तपासण्याची खोली, पुढचे दुकान, मागचे घर, सारे एकाच अंगणाभोवती. 2005 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याआधी 2001 मध्ये या पेढीच्या व्यवहाराच्या कागदपत्रांचाही जागतिक स्मृतिनोंदीत समावेश झाला होता. पेढीचे ब्रीद होते ‘श्रम आणि सातत्य’.

या घरातील स्त्रियांनीही पेढी सांभाळली होती. प्लांटिनच्या मुली लहानपणीच मुद्रिते तपासण्यास मदत करीत. मुलगी मार्टिना हिने लेसच्या व्यापारात काम केले, आणि 1610 मध्ये पतीच्या निधनानंतर मुलांसह पेढीचा भार उचलला.

काचेच्या पेटीतील हिशोबाच्या पानासमोर पत्नी थांबली. अक्षरे परकी, पण रकाने ओळखीचे. तेथेच तिने इतके दिवस न सांगितलेली गोष्ट सांगितली. पाठवलेल्या पैशांतून बँकेचे हप्ते जात होते, पण कागदाच्या व्यापाऱ्याचे देणे आणि दोन जुन्या कामगारांचा थकलेला पगार तिने वेगळ्याच वाटेने फेडला होता. माहेरच्या पाटल्या पालघरच्या सराफाकडे गेल्या होत्या. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही अजून एक वर्ष थांबला असता,” ती म्हणाली. तिच्या हिशोबाने आता एकच मोठे देणे उरले होते. दुकान महिन्याचा खर्च भागवीत होते.

पती काही बोलले नाहीत. नंतर बाहेरच्या अंगणात बसल्यावर त्यांनी रकमा पुन्हा एकदा तोंडी जुळवून पाहिल्या. त्या बरोबर होत्या.

भरती-ओहोटीची नदी

रविवारी ते शेल्ड नदीखालच्या पादचारी बोगद्यातून पलीकडे गेले. 1933 सालचा हा बोगदा 572 मीटर लांब आणि सुमारे 31 मीटर खोल आहे; खाली उतरण्यासाठी लाकडी पायऱ्यांचे जुने सरकते जिने अजूनही चालतात. पलीकडच्या तीरावरून चर्चचा मनोरा आणि जुने शहर एका नजरेत दिसते.

दोघे तासभर काठावर बसले. सकाळी चिखल दिसत होता तेथे आता पाणी चढू लागले होते. अँटवर्प समुद्रापासून सुमारे 80 किलोमीटर आत असूनही शेल्डला येथे भरती-ओहोटी असते. तारापूर आणि चिंचणीच्या मधली खाडी पाहत वाढलेल्या तिला हे कोणी सांगावे लागले नाही. “भरती आहे,” ती म्हणाली, आणि मग मनातली गोष्ट काढली. सुरतेत नवा हिरेबाजार सुरू झाला आहे. प्रतवारीचे काम तेथेही मिळेल. पगार बराच कमी असेल, हे ती जाणून होती. पण बोईसरहून सुरत दोन-अडीच तासांवर आहे. शनिवारी घरी येता येईल.

पतीची अडचण खरी होती. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांमुळे या धंद्यावर मंदीचे सावट आहे. सुरतेलाही त्याची झळ लागली आहे. येथील पगार हातचा आहे. अर्धे देणे ठेवून परतणे त्यांना हार वाटत होते. ते एवढेच म्हणाले, “लोक काय म्हणतील?” तिने उत्तर दिले, “लोकांना खोलीची खिडकी दिसली नाही. मला दिसली.”

क्षमापना

पर्युषण सुरू झाले तसे हिंडणे थांबले. संध्याकाळी काम संपले की दोघे विल्राइकच्या जिनालयात जात. पार्श्वनाथांच्या मूर्तीसमोर, आसपासच्या विटांच्या युरोपीय घरांच्या मधोमध, देशातल्यासारखीच प्रतिक्रमणाची बैठक भरे. कोट्यधीश हिरेव्यापारी आणि भाड्याच्या खोलीत राहणारा नोकरदार तेथे एकाच सतरंजीवर बसत.

दरम्यान कपाटाच्या खणात पत्नीला औषधांची रिकामी पाकिटे सापडली होती; त्यांवर जानेवारीच्या तारखा होत्या. त्या महिन्यात पंधरा दिवस पडद्यावरचे बोलणे आवाजापुरतेच होते. “नेट बरोबर नाही,” असे कारण तेव्हा मिळाले होते. तिने विचारले नाही.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर सारे जण हात जोडून एकमेकांची क्षमा मागत होते. ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणून झाल्यावर पती तिच्यासमोर आले. दरवर्षी हे शब्द घरात ओघात म्हटले जात. गेल्या वर्षी ते दूरध्वनीच्या संदेशात लिहिले गेले होते. या वेळी त्यांनी हात जोडले आणि कारणही सांगितले: “जानेवारीत मी आजारी होतो. तुला खोटं सांगितलं.” तिनेही हात जोडले. “मीही पाटल्यांचं लपवलं. मिच्छामि दुक्कडम.” जे दुखवले त्याचे नाव घेऊन मागितलेली क्षमा किती वेगळी असते, हे त्या दोघांना त्या संध्याकाळी कळले.

पारणे झाल्यावर दोन दिवसांनी ती परतली. स्थानकाच्या घुमटाखाली या वेळी पतीही मान वर करून पाहत होते. सुरतेच्या दोन पेढ्यांना त्यांनी आदल्या रात्री पत्र लिहिले होते. एकीकडून नकार आला. दुसरीने दिवाळीनंतर भेटायला या, असे कळवले. उरलेले देणे दोन वर्षांत, लहान हप्त्यांनी फेडायचे असे ठरले आहे.

बोईसरला पोहोचल्यावर सासूने विचारले, “काय काय पाहिलंस तिकडे?” तिने चर्चचे, कारंज्याचे, नदीखालच्या बोगद्याचे वर्णन केले. मग सासूबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी वेगळ्या स्वरात. तेव्हा ती म्हणाली, “त्यांची खोली पाहिली, आई. ताट एकच होतं. दुसरं ठेवून आले आहे. येताना दोन्ही घेऊन या, असं सांगितलंय.”